दंडाच्या आकड्याखालचा कागद

प्रश्न असा आहे: "माझा धाकटा भाऊ जमिनीवरच्या एका ड्रिलिंग रिगवर फ्लोअरमन आहे. त्यांच्याच भागातल्या दुसऱ्या रिगवर अपघात होऊन एक कामगार गेला. निरीक्षक आले, जाबजबाब झाले, पुढे काही महिन्यांनी कारवाई झाल्याचं कळलं. दंडाचा आकडा ऐकून घरात सगळे सुन्न झाले. माणसाच्या जिवाची किंमत एवढीच का? आणि अशा कारवाईने माझ्या भावाच्या रिगवर खरंच काही बदलतं का?"

मी तेवीस वर्षं रिगवर सुरक्षेचं काम केलं. अपघातानंतर निरीक्षकाबरोबर फिरणारा, त्याने मागितलेले कागद काढून देणारा माणूस बऱ्याचदा मीच असायचो. त्यामुळे दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लवकर संपतं, ते आधी देतो.

दंडाचा आकडा हा जिवाची किंमत म्हणून ठरवलेला नसतोच. नियम मोडल्याची ती शिक्षा असते आणि तिची मर्यादा कायद्यात आधीच छापलेली असते. कंपनी केवढी मोठी, विहिरीतून रोज किती माल निघतो, याचा त्या मर्यादेशी संबंध नसतो. आपल्याकडे जमिनीवरची तेलविहीर कायद्याने खाण धरली जाते. म्हणून तिथे कारखाना निरीक्षक येत नाही, खाण सुरक्षा महासंचालनालयाचा म्हणजे डीजीएमएसचा अधिकारी येतो. १९५२ च्या खाण कायद्यात नियमभंगामुळे माणूस दगावला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा होती. पाच हजार! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एक शून्य छापायचं राहिलं असावं असं वाटलं होतं. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कैद तेवढीच आहे, पण मृत्यूच्या प्रकरणात दंड किमान पाच लाख झाला आणि त्यातला निदान निम्मा भाग मृताच्या वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तेव्हा तुम्ही ऐकलेला आकडा समजून घ्यायचा तर अपघाताची तारीख या दिवसाच्या आधीची की नंतरची, ते पाहा.

परदेशात फार वेगळं असेल असं वाटत असेल तर तसंही नाही. अमेरिकेत ओशा ही कामगार-सुरक्षेची सरकारी संस्था कारवाई करते. २०२५ मध्ये तिथे एका गंभीर उल्लंघनाला जास्तीत जास्त १६,५५० डॉलर दंड होता, जाणूनबुजून किंवा पुन्हा केलेल्या उल्लंघनाला १,६५,५१४ डॉलर. जाणूनबुजून नियम मोडल्यामुळे कामगार गेला तरी त्यांच्या कायद्यात पहिल्या खेपेला कैद जास्तीत जास्त सहा महिने. मोठ्या तेल कंपनीच्या हिशेबात ही रक्कम कुठे दिसतही नाही. नुकसानभरपाईचा दावा ही पूर्ण वेगळी वाट आहे. कंपनीने दंड भरला म्हणून ते देणं फिटत नाही, आणि त्या कुटुंबाला हे कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

आता दुसरा प्रश्न. माझा जीव यात जास्त गुंतलेला आहे. घरातला सगळा संताप दंडाच्या आकड्यावर खर्च होतो आणि त्या आकड्याखालचा कागद वाचायचा राहून जातो. त्यात दोन गोष्टी असतात: अपघाताचं कारण म्हणून काय लिहिलं, आणि काय दुरुस्त करायला सांगितलं. तुमच्या भावाच्या रिगवर काही बदलणार असेल तर ते या दोन गोष्टींमुळे. आणि कारणाचा रकाना बरोबर भरला जाईल की नाही, हे पुष्कळदा पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरून जातं.

खाण कायद्याच्या २३ व्या कलमात एक तरतूद होती, रिगवरच्या जुन्या माणसांना ती पाठ आहे. मृत्यू किंवा गंभीर इजा झाली तर निरीक्षक येईपर्यंत ती जागा हलवायची नाही. अपवाद पुढचा धोका टाळण्यासाठी, जखमींना किंवा मृतदेहाला बाहेर काढण्यासाठी. काम थांबल्याने खाणीचं फारच अडत असेल किंवा निरीक्षक ७२ तासांत आलाच नाही, तर काम पुन्हा सुरू करता येई. कागदावर हे चोख आहे. पण विहीर म्हणजे बांधकामाची परात नव्हे, तिथेच ठेवून निघून जायला. खाली दाब असतो. विहीर सुरक्षित करायची तर मड (खालचा दाब तोलून धरणारं चिखलासारखं द्रावण) फिरवावं लागतं, पाइप हलवावा लागतो, व्हॉल्व्ह उघड-बंद करावे लागतात. म्हणजे जागा बदलणारच, आणि ती बदलणं योग्यही असतं. म्हणून हात लावण्याआधी काय नोंदवून ठेवलं, यावर सगळं अवलंबून असतं. व्हॉल्व्हच्या दांड्यांचे फोटो, गेजचे फोटो, मडपिटची म्हणजे मड साठवायच्या टाकीची पातळी, ड्रिलरच्या पॅनलवर काय चालू होतं आणि काय बंद. आजकाल रिगवर प्रत्येक सेकंदाचा दाब, वजन, मडचा प्रवाह नोंदवणारं यंत्र असतं. त्याची मूळ फाइल निरीक्षकाने पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यावी. छापील आलेख पुरत नाही, कारण आलेख छापणारा माणूस कुठून कुठपर्यंत छापायचं ते ठरवतो.

एक प्रसंग सांगतो. एका विहिरीवर टाकीजवळ वेल्डिंग चालू असताना भडका उडाला, दोघे भाजले. अशा कामाआधी भरायचं परवानगीपत्र, म्हणजे पर्मिट, निर्दोष होतं. सगळे चौकोन भरलेले, सह्या पूर्ण, "गॅस तपासणी सकाळी ७.१०, शून्य" असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. आलेले निरीक्षक वयाने मोठे, कमी बोलणारे. त्यांनी पर्मिट बाजूला ठेवलं आणि गॅस मीटर मागवला. त्या मीटरला मेमरी असते, तो कधी सुरू झाला ते त्यात राहतं. त्या दिवशी तो पहिल्यांदा सुरू झाला होता सव्वानऊला, भडक्यानंतर. खोलीत कुणीच काही बोललं नाही. पर्मिटवर सही करणारा मुलगा पंचवीस-सव्विसाचा असेल. तो रडायला लागला आणि म्हणाला, "साहेब, रोज असंच भरतो, सगळेच भरतात." निरीक्षकांनी त्याचा जबाब लिहून घेतला आणि पुढे जे केलं ते मी विसरलो नाही. त्यांनी मागच्या तीन महिन्यांची सगळी पर्मिटं मागवली आणि मीटरच्या मेमरीशी एकेक पडताळली. तो मुलगा खरं बोलत होता. मग कारण बदललं. "कामगाराने तपासणी केली नाही" याच्या जागी "या ठिकाणी पर्मिट पद्धत प्रत्यक्षात अस्तित्वात नाही आणि व्यवस्थापनाने ती कधीच पडताळली नाही" असं आलं. एका मुलाची नोकरी वाचली हे तर झालंच. पण दुरुस्तीचा आदेशही त्यामुळे एका माणसावरून सगळ्या पद्धतीवर गेला.

कारण चुकीचं लिहिलं जाण्याची एक वाट तर इतकी शांत आहे की कुणाच्या लक्षात येत नाही. ती शवविच्छेदनातून जाते. अमेरिकेत २०१० ते २०१४ या काळात कच्च्या तेलाच्या टाकीवरचं झाकण उघडून माप घेताना किंवा नमुना काढताना झालेले नऊ मृत्यू तिथल्या निऑश या संशोधन संस्थेने शोधून काढले. झाकण उघडताच आत दाबून बसलेली हायड्रोकार्बनची वाफ अंगावर येते, प्राणवायू हटतो, हृदयाचा ठेका बिघडतो. माणूस एकटाच असतो, टाकीच्या माथ्यावर किंवा जिन्यात मेलेला सापडतो. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही. सहज हृदयविकार लिहिला जातो, आणि तसा लिहिला की तो कामावरचा अपघात उरतच नाही. मग कारवाई कसली? २०१६ मध्ये निऑश आणि ओशाने मिळून यावर इशारा काढला. म्हणून कुणी टाकीवर, सेलरमध्ये (विहिरीच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात) किंवा तेल-वायू वेगळे करणाऱ्या सेपरेटरपाशी अचानक गेला, तर कुटुंबाने शवविच्छेदनात हायड्रोकार्बन आणि हायड्रोजन सल्फाइडची तपासणी लेखी मागावी. त्या घडीला हे सुचणं किती कठीण असतं याची मला कल्पना आहे, म्हणूनच आज लिहून ठेवतो आहे. नंतर मागून उपयोग होत नाही.

यानंतर प्रश्न येतो नोटीस कुणाच्या नावाने निघते याचा. रिगवर एका वेळी किती कंपन्यांची माणसं असतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. विहीर एका कंपनीची, रिग दुसरीची, मड तिसरीचं, सिमेंट चौथीचं, वायरलाइन पाचवीची, आणि सामान उचलणारे बहुतेक एखाद्या मनुष्यबळ ठेकेदाराचे. गेलेला माणूस बहुधा या शेवटच्या ठेकेदाराचा असतो. निर्णय मात्र पहिल्या कंपनीचा साइटवरचा प्रतिनिधी घेत असतो, ज्याला सगळे कंपनी मॅन म्हणतात. कारवाई फक्त ठेकेदारावर झाली तर तो एक तर दंड भरतो किंवा कंपनीचं नाव बदलतो, आणि विहिरीवर काम तसंच चालू राहतं. आपल्या खाण कायद्याची रचना इथे चांगली होती, असं माझं मत आहे. त्यात ओनर, एजंट आणि मॅनेजर अशी जबाबदारीची शिडीच होती, ठेकेदार नेमला म्हणून ओनर सुटत नव्हता. अमेरिकेत ओशाचं एक धोरण आहे, त्यानुसार एकाच जागेवरच्या अनेक मालकांना धरता येतं: धोका निर्माण करणारा, आपला माणूस धोक्यात ठेवणारा, तो दुरुस्त करण्याची जबाबदारी असलेला, आणि एकूण जागेवर नियंत्रण असलेला. तुम्हाला कारवाईचा कागद मिळालाच तर पहिलं हे बघा की या चारांपैकी किती जणांची नावं त्यात आहेत.

व्यक्तींवरचे खटले ही आणखी नाजूक गोष्ट. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० ला मकोंडो विहिरीचा ब्लोआउट होऊन, म्हणजे तेल-वायू बेफाम उसळून, डीपवॉटर होरायझन रिगवरची अकरा माणसं गेली. विहिरीच्या मालक कंपनीने अकराही मृत्यूंबद्दलचे फौजदारी गुन्हे कबूल केले. विहिरीवरच्या दोन प्रतिनिधींवरही मनुष्यवधाचे आरोप ठेवले होते, ते २०१५ मध्ये मागे घेतले गेले. एकाने प्रदूषणाचा किरकोळ गुन्हा कबूल केला, दुसरा २०१६ मध्ये निर्दोष सुटला. त्या दोघांनी दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला हे खरं होतं. पण ती चाचणी कशी घ्यायची, वाचन किती आलं तर थांबायचं, याची स्पष्ट लेखी पद्धत त्यांना वरून मिळालेली नव्हती, हेही खरंच. विहिरीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला पकडणं सोपं असतं, आणि त्यात चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला वेळ लागत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट ज्यात दिसतं ते प्रकरण थोडं तपशिलात सांगतो. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात क्विंटन गावाजवळ २२ जानेवारी २०१८ ला एका गॅस विहिरीवर ब्लोआउट आणि आग झाली. पाच जण ड्रिलरच्या केबिनमध्ये अडकून गेले. दोन्ही दारांसमोर आग होती. बीओपी, म्हणजे विहिरीचं तोंड बंद करणारं झडपांचं यंत्र, बंद करायचा प्रयत्न झाला, पण त्याला तेल पुरवणाऱ्या नळ्या जळाल्याने तो बंद झाला नाही. विहिरीत गॅस शिरत होता, त्याची खूण मडपिटमध्ये दिसत होती. किक आली, म्हणजे खालून वायू किंवा तेल विहिरीत शिरलं, की पिटमधलं मड वाढतं, हे रिगवर पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्यासाठी अलार्मही असतो. तपासात निघालं की दिवसपाळीच्या आणि रात्रपाळीच्या, दोन्ही ड्रिलरांनी अलार्म बंद करून ठेवले होते.

आता विचार करा, कारणाच्या रकान्यात काय लिहाल? "ड्रिलरने अलार्म बंद केला." कोर्टात टिकणारं, सरळ, सोपं वाक्य. आणि दुरुस्ती काय? "सर्व ड्रिलरांना अलार्म बंद न करण्याची सक्त ताकीद द्यावी." तुमच्या भावाच्या रिगवर असा कागद भिंतीला चिकटवलेला असेलच.

पण त्या देशात रासायनिक अपघातांचा तपास करणारं एक वेगळं मंडळ आहे, सीएसबी. त्याला दंड करायचा अधिकार नाही, ते फक्त कारणं शोधतं. त्याने पुढचा प्रश्न विचारला: दोन वेगवेगळ्या पाळ्यांतले दोन अनुभवी ड्रिलर एकच गोष्ट का करतात? उत्तर असं होतं की ड्रिलिंग चालू असताना, पाइप वर काढताना, मड फिरवताना, नुसतंच वर काम चालू असताना, या वेगवेगळ्या अवस्थांचा फरकच त्या अलार्मला कळत नव्हता. काही नसताना तो वाजत राहायचा. बारा तास कानाशी भोंगा वाजला तर माणूस तो बंद करणारच, तुम्ही केला असता आणि मीही. मग दुरुस्तीही बदलते: अवस्थेनुसार वेगळ्या मर्यादा ठरवता येणारी अलार्म पद्धत, ती बंद केली तर कंपनी मॅनला कळेल अशी नोंद, आगीत टिकतील अशा बीओपीच्या नळ्या, केबिनमधून सुटायची वाट.

त्याच अहवालात मोठी अडचणही पुढे आली. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी ओशाचा १९९२ चा कडक प्रक्रिया सुरक्षा नियम आहे. त्यातून तेल-वायूच्या विहिरींचं ड्रिलिंग आणि सर्व्हिसिंग वगळलेलं आहे. यंत्र बंद करून कुलूप लावायच्या लॉकआउट नियमातूनही ते वगळलेलं आहे. नेमका नियमच नसेल तर निरीक्षक सर्वसाधारण कर्तव्याच्या कलमाचा आधार घेतो: धोका सर्वांना माहीत होता, त्यातून मृत्यू संभवत होता आणि तो टाळायचा व्यवहार्य उपाय होता, हे सगळं त्याने सिद्ध करायचं. तेही नोटीस काढायच्या सहा महिन्यांच्या मुदतीत. ड्रिलिंगसाठी स्वतंत्र नियम करा, अशी शिफारस सीएसबीने ओशाला केली ती यासाठीच. आपल्याकडे निदान या बाबतीत पाया बरा आहे. तेल खाण विनियम १९८४ पासून होते आणि २०१७ मध्ये नवे आले, त्यात ड्रिलिंग, बीओपी, वर्कओव्हर (आधीच्या विहिरीची दुरुस्ती) यांच्यावर थेट तरतुदी आहेत. समुद्रातल्या कामासाठी २००८ चे वेगळे नियम आहेत, तिथे ओआयएसडी (तेल उद्योग सुरक्षा संचालनालय) बघतं. नियम आहेत म्हणून ते पाळले गेले, असं मात्र नाही. आसामात बाघजानच्या ५ नंबर विहिरीवर २७ मे २०२० ला ब्लोआउट झाला तो वर्कओव्हर चालू असताना, बीओपी काढल्यानंतर. ९ जूनला आग लागली, दोन अग्निशमन कर्मचारी गेले, आणि विहीर पूर्ण शांत व्हायला १५ नोव्हेंबर उजाडला. अशा घटनेत मी पहिला शोध एकाच गोष्टीचा घेतो: बीओपी काढायच्या क्षणी विहिरीत दुसरा अडथळा कोणता होता, त्याची चाचणी कुणी घेतली, आणि ती पुरेशी आहे असं कुणी, कुठल्या खुर्चीत बसून ठरवलं?

आता दुरुस्तीकडे. माझं ठाम मत आहे की कारवाई यशस्वी होते की फसते ते इथे, आणि बहुतेक वेळा ती फसते. उल्लंघनाच्या पत्राला उत्तर म्हणून कंपनी एक तक्ता पाठवते: मुद्दा, उपाय, तारीख, स्थिती. शेवटच्या रकान्यात "पूर्ण" लिहिलं की प्रकरण क्लोज. असे तक्ते मीही भरले आहेत. सगळ्यात पटकन पूर्ण होणारा उपाय म्हणजे प्रशिक्षण. एक तास माणसं बसवायची, हजेरीपटावर सह्या घ्यायच्या, फोटो काढायचा. खर्च नाही, रिग थांबत नाही. पाइप पकडणारी जुनी टाँग बदलून यांत्रिक टाँग बसवायची तर पैसे लागतात, मंजुरी लागते, काही दिवस काम थांबतं. म्हणून आदेशात नुसतं "सुरक्षिततेची योग्य दक्षता घ्यावी" असं आलं की काय होणार ते मला आधीच कळतं.

चांगला निरीक्षक काय करतो ते एका गेजवरून सांगतो. बीओपी बंद करणारं तेल अॅक्युम्युलेटरच्या बाटल्यांत ३,००० पीएसआय दाबाखाली साठवलेलं असतं. वीज गेली, पंप बंद पडले तरी बीओपी बंद व्हावा म्हणून. त्या बाटल्यांत नायट्रोजन भरलेला असतो, तोच तेल ढकलतो. नायट्रोजन गळून गेला तरी पंप चालू असताना गेज ३,००० च दाखवत राहतं. आमच्या एका रिगवर किक आली, विहीर आटोक्यात आली, पण गडबडीत एकाचा हात गेला. त्यानंतर बीओपीच्या देखभालीवर नोटीस निघाली. आम्ही तक्ता भरला, गेजचा फोटो जोडला, ३,०००, स्थिती पूर्ण. दोन महिन्यांनी तेच निरीक्षक न सांगता आले. रिगवर चहा घेतला नाही, सरळ अॅक्युम्युलेटरकडे गेले आणि म्हणाले, "दोन्ही पंप बंद करा. आता बीओपी बंद करा." आम्ही सगळे गेजकडे बघत उभे. काटा २,००० च्या खाली आला, १,५०० च्या खाली आला, आणि पुढे थांबायलाच तयार नाही. सगळं बंद झाल्यावर निदान १,२०० पीएसआय शिल्लक राहायला हवेत. आमचा काटा त्याच्या कितीतरी खाली जाऊन बसला आणि बीओपीचा शेवटचा रॅम, म्हणजे विहीर बंद करणारा जबडा, अर्धाच सरकला. अर्ध्या बाटल्यांमध्ये नायट्रोजन नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही. बाटल्या भरून हीच चाचणी पुन्हा दाखवेपर्यंत काम बंद, असं तिथेच, उभ्याउभ्या लिहून दिलं.

रिग तीन दिवस बंद राहिली. मुख्य कार्यालयातून जेवढे फोन त्या तीन दिवसांत आले, तेवढे त्या माणसाचा हात गेला तेव्हा आले नव्हते. हे सांगताना मला आजही वाईट वाटतं, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यात आहे. बंद रिगचा एकेक दिवस कंपनीला कुठल्याही दंडापेक्षा जास्त जाणवतो. त्यानंतर आमच्या सगळ्या रिगवर दर आठवड्याला पंप बंद ठेवून ही चाचणी सुरू झाली आणि उरलेल्या दाबाचा आकडा नोंदवला जाऊ लागला. ते एका दुरुस्तीच्या आदेशामुळे झालं, आणि तो देणारा माणूस परत आला म्हणून झालं.

परत यायला माणसं हवीत, तो वेगळा विषय आहे. इथे एकच गोष्ट त्याला जोडतो. ६ जुलै १९८८ ला ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता, ते रात्रपाळीला नीट कळलं नाही आणि पंप सुरू केला गेला. लॉर्ड कलन यांनी चौकशी करून १९९० मध्ये १०६ शिफारशी दिल्या. तेलाचं उत्पादन वाढवण्याची जबाबदारी असलेल्या खात्याकडेच सुरक्षेची देखरेख नको, हा त्यातला कळीचा मुद्दा होता, आणि ती देखरेख आरोग्य व सुरक्षा खात्याकडे गेली. कंपनीने नियम पाळल्याचा दाखला देणं पुरेसं राहिलं नाही. आपल्या जागेवरचे मोठे धोके कोणते आणि ते कसे आवाक्यात ठेवले, हे तिने स्वतः मांडून पटवायचं, तेव्हाच काम चालू. अपघातानंतरच्या कारवाईतून एवढा मूलभूत बदल झाल्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता तुमच्या भावासाठी, कारण तुम्ही त्याच्या काळजीने लिहिलं आहे. निरीक्षक जाबजबाबासाठी बोलावतील तेव्हा त्याने एकट्याने बोलायची विनंती करावी, साहेब खोलीत नसताना. आपण जे पाहिलं तेवढंच सांगावं, ऐकलेलं वेगळं करून सांगावं, आणि जबाब वाचल्याशिवाय सही करू नये. अपघात दुसऱ्या रिगवरचा असला तरी त्या प्रकरणात डीजीएमएसने काय दुरुस्त्या सांगितल्या, हे त्याने सुरक्षा समितीच्या बैठकीत विचारावं आणि विचारल्याची नोंद इतिवृत्तात होते का ते बघावं. मोठ्या खाणींवर वर्कमन्स इन्स्पेक्टर असतो, कामगारांमधून नेमलेला. त्याच्या वहीतली नोंद व्यवस्थापनाला झटकता येत नाही. त्या वहीचा उपयोग फार कमी लोक करतात. तुम्ही घरी बसून माहितीच्या अधिकारात अर्ज करू शकता: उल्लंघनांची यादी, दुरुस्तीचे आदेश आणि त्यांची पडताळणी कोणत्या तारखेला, प्रत्यक्ष जागेवर जाऊन झाली का. शेवटचा प्रश्न विसरू नका. तपास चालू असल्याचं कारण देऊन काही भाग नाकारला जाईल, तेव्हा यादी आणि तारखा तरी मागा.

आणि पुढच्या हिचला, म्हणजे कामाच्या पुढच्या खेपेला, तो रिगवर गेला की त्याला एवढं बघून यायला सांगा: ड्रिलरच्या केबिनमध्ये पिटचा अलार्म चालू आहे का, आणि बंद असेल तर तो का बंद ठेवावा लागतो. ड्रिलरला रागावून नको, चहा पिताना, मित्रासारखं विचारू दे. जे उत्तर मिळेल ते मला कळवा. पत्र कुणाला आणि कसं लिहायचं ते मी सांगतो.